प्रतिमेआड गेलेली कवयित्री : गाब्रिएला मिस्त्राल

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर दिले गेलेले साहित्याचे पहिले नोबेल पारितोषिक १९४५ साली चिली या देशातील कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांना मिळाले. आशिया खंडाला हा मान १९१३ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या रूपाने लाभला होता. लॅटिन अमेरिकेला त्यासाठी आणखी बत्तीस वर्षे थांबावे लागले. साहित्याच्या या पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या स्त्रियांमध्ये मिस्त्राल पाचव्या. तथापि त्यांच्या स्वतःच्या देशाने आपले राष्ट्रीय साहित्य पारितोषिक त्यांना दिले ते १९५१ साली, म्हणजे स्टॉकहोमच्या सोहळ्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी. हा उलटा क्रम केवळ सरकारी दिरंगाईचा नमुना म्हणून सोडून देता येत नाही. चिलीने मिस्त्राल यांना फार लवकर एक प्रतिमा बहाल केली होती : प्रियकराच्या मृत्यूने पोळलेली, जन्मभर अविवाहित राहून परक्यांच्या मुलांवर माया पाखडणारी खेड्यातील शिक्षिका. ही प्रतिमा क्रमिक पुस्तकांनी, पुतळ्यांनी आणि चलनी नोटेनेही जपली. कवितेचे वाचन मात्र मृत्यूविषयीची सुनीते आणि अंगाईगीते यांच्यापाशीच घुटमळत राहिले. मिस्त्राल यांचा जीवनक्रम बारकाईने पाहू लागल्यास ही प्रतिमा ठिकठिकाणी उसवत जाते.

त्यांचे मूळ नाव लुसिला गोदोय आल्कायागा. ७ एप्रिल १८८९ रोजी उत्तर चिलीतील व्हिकुन्या या लहानशा गावी तिचा जन्म झाला. व्हिकुन्या हे एल्की नदीच्या खोऱ्यातले गाव. दोन्ही बाजूंना आन्देस पर्वताचे उघडेबोडके, कोरडे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात द्राक्षमळे, अंजिराची झाडे, पाटाचे पाणी. वडील हेरोनिमो गोदोय हे शाळाशिक्षक. गिटार वाजवीत आणि प्रासंगिक पद्ये रचीत. लुसिला तीन वर्षांची असताना ते घर सोडून गेले. पुढे जुने कागद चाळताना त्यांची काही पद्ये मुलीच्या हाती लागली आणि तिच्या मनात कवितेची ओढ निर्माण झाली. न दिसणाऱ्या वडिलांचा तेवढाच वारसा तिला मिळाला. आई पेत्रोनिला शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. पण खऱ्या अर्थाने घर चालविले ते आईच्या आधीच्या नात्यातून झालेल्या एमेलिना या थोरल्या बहिणीने. एमेलिना लुसिलाहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठी आणि व्यवसायाने शिक्षिका होती. खोऱ्यात आणखी आत असलेल्या मोंतेग्रांदे या खेड्यात तिची शाळा होती. शाळेच्याच इमारतीत राहण्याची जागा असल्याने लुसिलाचे घर आणि शाळा एकच झाले. ला सेरेना येथे राहणारी आजी इसाबेल व्हिलानुएव्हा नातीला बायबलमधील स्तोत्रे म्हणावयास लावी. मिस्त्राल यांच्या प्रौढ कवितेत जुन्या कराराचा जो गंभीर, काहीसा कठोर स्वर ऐकू येतो त्याचे मूळ या पठणात आहे. मोंतेग्रांदेच्या शेतकऱ्यांची जुन्या वळणाची ग्रामीण स्पॅनिश बोली हा त्यांच्या काव्यभाषेचा दुसरा स्रोत. नागर वाचकाला अपरिचित वाटणारे शब्द त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाहीत, उलट वय वाढत गेले तसतसे ते अधिकच जवळ केले.

पुढील शिक्षणासाठी लुसिलाला व्हिकुन्याच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे वर्गात वाटावयाचे सरकारी कागद तिच्या ताब्यात असत. कागद कमी भरले तेव्हा चोरीचा आळ तिच्यावर आला आणि शाळेबाहेर पडताच वर्गातील मुलींनी तिच्यावर दगड मारले. मुळात अबोल असलेल्या या मुलीला त्या क्षणी बचावाचा एकही शब्द सुचला नाही. या प्रसंगाने तिचे शालेय शिक्षण जवळपास संपुष्टात आणले. पुढचे शिक्षण एमेलिनाने घरी दिले आणि उरलेले तिने ज्याच्याकडून मिळतील त्याच्याकडून पुस्तके आणून स्वतः केले. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९०४ च्या सुमारास, ला सेरेनाजवळच्या कोंपानिया बाहा या वस्तीत ती सहायक शिक्षिका झाली. दिवसा मुले आणि रात्री शेतमजूर असे तिचे विद्यार्थी होते. त्यांतील काही तिच्याहून वयाने मोठे होते. याच सुमारास ला सेरेना आणि व्हिकुन्या येथील स्थानिक वृत्तपत्रांत तिचे लेखन निरनिराळ्या टोपणनावांनी येऊ लागले.

येथे जी घटना घडली ती मिस्त्राल यांच्या पुढील सर्व आयुष्यावर सावली टाकून गेली. पद्धतशीर प्रशिक्षण घ्यावे म्हणून तिने ला सेरेना येथील अध्यापिका विद्यालयात प्रवेश मागितला, पण तो नाकारण्यात आला. वृत्तपत्रांतील तिच्या लेखनात निसर्गालाच ईश्वर मानणारे, धर्मबाह्य विचार आहेत, असा आक्षेप विद्यालयाशी संबंधित असलेल्या धर्मोपदेशकाने घेतला होता. ज्या बाईचे नाव पुढे दक्षिण अमेरिकेतील अनेक शाळांना दिले गेले, तिला शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षण तिच्या कवितेपायी मिळू शकले नाही. १९१० साली सान्तियागो येथे बहिःस्थ परीक्षार्थी म्हणून बसून तिने शिक्षिकेची पात्रता मिळविली, तरी 'पदवी नसलेली बाई' हा शिक्का पुसला गेला नाही. बढती मिळाली की पदवीधारकांची कुजबुज सुरू होई. १९२३ साली चिली विद्यापीठाने त्यांना स्पॅनिशच्या अध्यापिकेची पदवी बहाल केली, तेव्हा त्या देश सोडून मेक्सिकोत गेल्या होत्या.

ज्या घटनेभोवती मिस्त्राल यांच्या चरित्राची दंतकथा विणली गेली ती १९०९ सालची आहे. ला कान्तेरा येथे शिकवीत असताना लुसिलाची रोमेलियो उरेता या रेल्वे कर्मचाऱ्याशी ओळख झाली होती. दोघांचे नाते फार काळ टिकले नाही. एका मित्राची नड भागविण्यासाठी उरेताने रेल्वेच्या तिजोरीतील रक्कम उचलली आणि ती वेळेवर परत करता न आल्याने २५ नोव्हेंबर १९०९ रोजी आत्महत्या केली. त्याच्या खिशात लुसिलाच्या नावाचे एक पोस्टकार्ड सापडले. पाच वर्षांनी सान्तियागो येथील 'हुएगोस फ्लोरालेस' या काव्यस्पर्धेत 'मृत्यूची सुनीते' या तीन सुनीतांच्या मालेला पहिले पारितोषिक मिळाले आणि वाचकांनी पोस्टकार्ड व सुनीते यांची सांगड घालून टाकली. डिसेंबर १९१४ मधील त्या समारंभात कवयित्री व्यासपीठावर आलीच नाही. तिची सुनीते दुसऱ्या कवीने वाचून दाखविली आणि ती स्वतः श्रोत्यांच्या गर्दीत, वरच्या सज्जात बसून ऐकत होती, असे सांगितले जाते. या सुनीतांखाली 'गाब्रिएला मिस्त्राल' असे नाव होते. हे नाव तिने काही वर्षांपूर्वीच वापरण्यास आरंभ केला होता. इटालियन कवी गाब्रिएले द'अनुन्त्सिओ आणि प्रोव्हान्सचा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांच्या नावांवरून ते घेतले, असा त्याचा एक उलगडा. देवदूत गाब्रिएल आणि दक्षिण फ्रान्समधील मिस्त्राल हा बोचरा वारा यांच्यावरून, असा दुसरा. दोन्ही उलगडे कवयित्रीच्या वृत्तीशी जुळतात.

सुनीतांमधील अनुभव मात्र दंतकथेत बसत नाही. तेथे शोक आहे, पण त्याहून अधिक स्वामित्वाची भावना आहे. भिंतीतल्या थंड कोनाड्यात लोकांनी ठेवलेला देह आपण उन्हातल्या गरीब मातीत उतरवून घेऊ, असे बोलणारी स्त्री म्हणते. आता त्या अस्थींवर दुसऱ्या कोणत्याही स्त्रीचा हक्क चालणार नाही, याचे तिला उघड समाधान आहे. मृत्यू हा येथे वियोगाचा क्षण राहत नाही, प्रतिस्पर्धी स्त्रियांवर मिळविलेला विजय ठरतो. मातीचा मायाळूपणा आणि सूडाचा आनंद यांचे हे मिश्रण अस्वस्थ करणारे आहे आणि सुनीतांचे सामर्थ्य त्यातच आहे. उरेताने आपल्यासाठी जीव दिला नव्हता आणि त्याभोवती रचलेली कहाणी कादंबरीसारखी आहे, असे मिस्त्राल यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले होते. त्याचा परिणाम फारसा झाला नाही. स्त्रीच्या कवितेत 'मी' आला की तो चरित्रातला 'मी' मानण्याची घाई समीक्षकांना होते आणि मग कवयित्रीचा खुलासाही तिच्या विनयाचा पुरावा म्हणून वाचला जातो.

१९१२ ते १९१८ ही वर्षे मिस्त्राल यांनी लोस आन्देस येथील मुलींच्या माध्यमिक शाळेत काढली. त्यांच्या वैचारिक घडणीचा हा काळ. याआधी आन्तोफागास्ता येथे थिऑसॉफीच्या मंडळाशी त्यांचा संबंध आला होता आणि पौर्वात्य तत्त्वविचाराचे कुतूहल तेव्हापासून त्यांच्यासोबत राहिले. रवींद्रनाथांची कविता सेनोबिया काम्प्रुबी आणि कवी हुआन रामोन हिमेनेस या दांपत्याच्या भाषांतरांतून १९१५ पासून स्पॅनिशमध्ये येऊ लागली. मिस्त्राल यांनी ती मनापासून वाचली. त्यांच्या पहिल्या संग्रहातील गद्यविभागात 'गीतांजली'मधील काही कवितांवरची भाष्ये आहेत. मृत्यूवरही आपण प्रेम करू, ही रवींद्रनाथांची जाणीव त्यांनी त्यातील एका भाष्यात आपली करून घेतली आहे. मात्र रवींद्रनाथांची शांत शरणागती त्यांना साधत नाही. भाष्यातही देवाला प्रश्न विचारण्याचा, त्याच्याशी हुज्जत घालण्याचा त्यांचा स्वभाव डोकावतो. मृत्यूची सुनीते आणि ही भाष्ये एकाच संग्रहात शेजारी ठेवून वाचली तर एकाच प्रश्नाला दोन परस्परविरोधी बाजूंनी भिडणारे मन दिसते, आणि त्या मनाला पोस्टकार्डाच्या कहाणीत कोंबणे अशक्य होते. बौद्ध विचाराचे आकर्षण आणि संत फ्रान्सिसवरील निष्ठा या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. पुढे त्या फ्रान्सिस्कन संप्रदायाच्या गृहस्थ शाखेत सामील झाल्या.

१९१८ साली तत्कालीन शिक्षणमंत्री पेद्रो आगिर्रे सेर्दा यांनी त्यांची नेमणूक देशाच्या दक्षिण टोकाला, पुन्ता आरेनास येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून केली. उत्तरेच्या उन्हात वाढलेल्या कवयित्रीला तेथे लांबलचक रात्री, अखंड वारा आणि बर्फ यांचा सहवास मिळाला. पहिल्या संग्रहाला ज्या कवितेने नाव दिले ती याच भूमीची कविता आहे. १९२० साली त्यांची बदली तेमुको येथे झाली. तेथे नेफ्ताली रेयेस नावाचा सोळा वर्षांचा एक सडपातळ मुलगा त्यांना भेटावयास येई आणि त्या त्याला टॉलस्टॉय, दोस्तोयेव्हस्की, चेखव्ह यांची पुस्तके वाचावयास देत. पुढे पाब्लो नेरूदा या नावाने जगाला परिचित झालेल्या या कवीने रशियन साहित्याच्या त्या ओळखीचे ऋण आपल्या आठवणींत मान्य केले आहे. १९२१ मध्ये सान्तियागो येथील नव्या शाळेचे मुख्याध्यापकपद मिस्त्राल यांना मिळाले आणि पदवीचा जुना वाद पुन्हा उकरून काढण्यात आला. पुढच्याच वर्षी मेक्सिकोचे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांचे निमंत्रण आले. जून १९२२ मध्ये त्यांनी चिली सोडले. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत त्या मायदेशी आल्या त्या केवळ पाहुणी म्हणून, तीनच वेळा.

मेक्सिकोत राज्यक्रांतीनंतरच्या शिक्षणमोहिमेचे वारे होते. खेड्यापाड्यांत शाळा काढणे, ग्रंथालये पोहोचविणे, भिंतींवर चित्रे रंगविणे असे सर्व एकाच वेळी चालले होते. मिस्त्राल ग्रामीण भागात हिंडल्या, शिक्षकांशी बोलल्या आणि स्त्रियांसाठी 'लेक्तुरास पारा मुहेरेस' हे वाचनाचे पुस्तक त्यांनी संपादित केले. स्थानिक आदिवासी समाजाची भूमी, मका, हस्तकौशल्ये यांच्याशी झालेला हा परिचय त्यांच्या कवितेला वळण देणारा ठरला. आपल्या रक्तात युरोपीय आणि मूळ अमेरिकन असे दोन्ही अंश आहेत, हे त्या यापुढे अभिमानाने सांगू लागल्या. याच वर्षी, १९२२ मध्ये, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फेदेरिको दे ओनीस यांच्या पुढाकाराने त्यांचा पहिला संग्रह 'देसोलासिओन' प्रसिद्ध झाला. चिलीतील कवयित्रीचे पहिले पुस्तक परदेशात, तेही स्पॅनिशच्या अध्यापक-विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे निघाले. संग्रहाची अर्पणपत्रिका आगिर्रे सेर्दा दांपत्याच्या नावे आहे. दुसरा संग्रह 'तेर्नुरा' १९२४ साली माद्रिदहून आणि तिसरा 'ताला' १९३८ साली ब्वेनोस आयरेसहून निघाला.

'तेर्नुरा' म्हणजे वात्सल्य, कोवळीक. अंगाईगीते, फेर धरून म्हणावयाची गाणी आणि बालकविता यांच्या या संग्रहाने मिस्त्राल यांची 'मुलांची कवयित्री' ही ओळख पक्की केली. पण या संग्रहाच्या १९४५ सालच्या आवृत्तीला त्यांनी जे टिपण जोडले ते ही ओळख आतून पोखरणारे आहे. बाळाला शब्द कळत नाहीत. अंगाई ही आई वास्तविक स्वतःलाच ऐकवीत असते, दिवसभराचा शीण आणि रात्रीचे एकटेपण ती त्या सुरावर निभावून नेते, असा त्या टिपणातील विचार आहे. अंगाईचे केंद्र बाळाकडून आईकडे, तिच्या न बोललेल्या मनाकडे सरकविणारा हा विचार लोकगीतांच्या अभ्यासकाला थांबवून धरणारा आहे. तो लक्षात घेऊन 'तेर्नुरा' वाचला की गोड वाटणाऱ्या गीतांमधली भीती दिसू लागते. मूल वाढेल, दूर जाईल, कुणीतरी त्याला हिरावून नेईल, ही धास्ती त्यांतील कितीतरी गीतांच्या तळाशी आहे. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या शाळांच्या संमेलनांत ही गीते दशकानुदशके म्हटली गेली, पण त्या धास्तीकडे लक्ष गेले नाही.

१९२५ साली चिली सरकारने त्यांना निवृत्तिवेतन मंजूर केले. १९२६ पासून त्या पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्यविषयक संस्थेत काम करू लागल्या. मायदेशात कार्लोस इबान्येस यांची हुकूमशाही आली आणि हे निवृत्तिवेतन बंद पडले. १९२९ मध्ये आईचे निधन झाले. मुलगी तेव्हा अटलांटिकच्या पलीकडे होती. यानंतरची काही वर्षे वृत्तपत्रीय लेखनावर आणि अमेरिकेतील महाविद्यालयांत केलेल्या अध्यापनावर निघाली. या काळातील त्यांचे गद्य विपुल आहे. शेतजमिनीचे फेरवाटप, स्त्रियांचे शिक्षण, मूळ रहिवाशांचे हक्क, निकाराग्वात अमेरिकी सैन्याशी झुंजणाऱ्या सान्दिनोचे समर्थन असे त्याचे विषय आहेत. शांत शाळामास्तरणीच्या प्रतिमेत हे गद्य मावत नाही, त्यामुळे ते बहुधा बाजूला ठेवले गेले. १९३२ मध्ये त्यांना वाणिज्यदूताचे काम देण्यात आले. पण नेपल्स येथील नेमणूक मुसोलिनीच्या राजवटीने मान्य केली नाही. माद्रिद येथील वास्तव्य एका खासगी पत्रामुळे संपले. स्पेनविषयी त्यात लिहिलेला कडक अभिप्राय चिलीत छापला गेला आणि त्यांना लिस्बनला हलावे लागले. माद्रिदची जागा नेरूदांकडे गेली. त्याच वर्षी, १९३५ मध्ये, चिलीच्या संसदेने खास कायदा करून त्यांना आजीवन वाणिज्यदूताचा दर्जा दिला. पोटापाण्याची काळजी त्यामुळे मिटली, भटकंती मात्र चालूच राहिली.

'ताला' या शब्दाचा अर्थ वृक्षतोड. त्याचे प्रकाशन व्हिक्तोरिया ओकाम्पो यांच्या 'सुर' या संस्थेने केले. रवींद्रनाथांना १९२४ साली सान इसीद्रो येथे ज्यांनी पाहुणचार दिला त्याच या ओकाम्पो. मिस्त्राल आणि ओकाम्पो यांचा जन्मदिवसही एकच, ७ एप्रिल. पुस्तकाचे उत्पन्न स्पेनमधील यादवी युद्धात पोरक्या झालेल्या बास्क मुलांसाठी देण्यात आले. आईच्या मृत्यूवरील विलापिकांनी संग्रह सुरू होतो आणि मग कवितेची दृष्टी भाकरी, मीठ, पाणी, हवा अशा पदार्थांकडे वळते. टेबलावर ठेवलेली भाकरी पाहता पाहता हरवलेली माणसे, गावे, वास जागे होतात. पदार्थाला हात लावून स्मृतीपर्यंत पोहोचण्याची ही रीत स्पॅनिश कवितेत त्या काळी नवी होती. उष्ण कटिबंधातील सूर्य आणि आन्देस पर्वतरांग यांना उद्देशून लिहिलेली दीर्घ स्तोत्रे याच संग्रहात आहेत. त्यांत ख्रिस्ती स्तोत्रांचा घाट आणि माया-इंका संस्कृतींतील दैवतांची नावे एकत्र येतात. एल्कीच्या खोऱ्यात चार मुली आपण सगळ्या राण्या होणार असे स्वप्न पाहतात, या बालपणीच्या खेळावरील प्रसिद्ध कविताही येथलीच. त्या चौघींमध्ये एकीचे नाव लुसिला आहे. शाळांतून ही कविता गोड आठवण म्हणून शिकविली जाते. वस्तुतः तिच्यात एकही मुलगी राणी होत नाही, आणि लुसिलाला मिळालेले राज्य शब्दांचे, जवळजवळ वेडाच्या हद्दीवरचे आहे. छंदाच्या बाजूनेही 'ताला' महत्त्वाचा आहे. सुनीताची भारदस्त ओळ सोडून नऊ अवयवांच्या आखूड, खडबडीत ओळीवर मिस्त्राल येथे येऊन ठेपतात आणि पुढे तीच त्यांची स्वाभाविक चाल होते. 'देसोलासिओन'मधला नाट्यमय आवेश ओसरून जो राकट संयम येथे आला तो पहिल्या संग्रहाच्या चाहत्यांना रुचला नाही. परंतु कवयित्री म्हणून त्यांची उंची 'ताला'नेच ठरविली.

१९३८ च्या जानेवारीत मोंतेव्हिदेओ येथील विद्यापीठाने मिस्त्राल, अर्जेंटिनाच्या आल्फोन्सिना स्तोर्नी आणि उरुग्वेच्या हुआना दे इबार्बुरू या तिघींना एका व्यासपीठावर बोलाविले होते. आपापल्या कवितेविषयी तिघींनी तेथे भाषणे केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने ग्रासलेल्या स्तोर्नीने समुद्रात जीव दिला.

युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये मिस्त्राल ब्राझीलला आल्या आणि पेत्रोपोलिस येथे राहू लागल्या. त्यांच्यासोबत हुआन मिगेल गोदोय हा मुलगा होता. त्याला त्या 'यिन यिन' म्हणत. सावत्र भावाचा मुलगा म्हणून त्यांनी त्याला तान्हेपणीच आपल्याकडे घेतले आणि पाल्मा गियेन या मेक्सिकन मैत्रिणीच्या साहाय्याने युरोपात वाढविले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये पेत्रोपोलिसमध्येच राहणारे लेखक स्टेफान झ्वाइग व त्यांची पत्नी यांनी आत्महत्या केली. या दांपत्याशी मिस्त्राल यांचा स्नेह होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, यिन यिन आर्सेनिकच्या विषाने मरण पावला. त्याचे वय सतरा-अठराचे होते. ही आत्महत्या होती हे मिस्त्राल यांनी कधीच पूर्णतः स्वीकारले नाही. त्याच्या सोबतच्या मुलांनी त्याचा घात केला, अशी त्यांची समजूत अखेरपर्यंत राहिली. 'मूल नसलेली माता' या प्रतिमेत हा मुलगा कुठेच बसत नाही, आणि त्याच्या मृत्यूचा घावही. उरेताच्या पोस्टकार्डावर जेवढी शाई खर्च झाली तिच्या अंशानेही ती यिन यिनवर झालेली नाही.

नोबेल पारितोषिकाची बातमी १५ नोव्हेंबर १९४५ रोजी पेत्रोपोलिसला पोहोचली तेव्हा हे घर सुतकातच होते. स्वीडिश कवी याल्मार गुल्बेर्ग यांनी केलेली भाषांतरे निवड समितीपुढे होती. १० डिसेंबर रोजी राजे गुस्ताव्ह पाचवे यांच्या हस्ते मिस्त्राल यांनी ते स्वीकारले. त्यानंतर कॅलिफोर्निया, मेक्सिकोतील व्हेराक्रूझ, इटली आणि १९५३ पासून न्यूयॉर्क अशी ठिकाणे होत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयीच्या आयोगावरही त्यांनी काम केले. प्रकृती ढासळत चालली होती. तरुण अमेरिकन लेखिका डोरिस डाना यांची साथ या वर्षांत त्यांना लाभली.

'लागार' म्हणजे द्राक्षे तुडवून रस काढण्याचे कुंड. १९५४ मध्ये सान्तियागोहून निघालेला हा त्यांचा हयातीतील शेवटचा संग्रह, आणि प्रथम चिलीत प्रसिद्ध झालेला एकमेव. यिन यिनवरील शोककविता आणि युद्धावरील कविता यांच्याबरोबर 'वेड्या बाया' या आशयाचे शीर्षक असलेला एक विभाग त्यात आहे. टाकलेली, चिंतातुर, नर्तकी, पळून गेलेली अशा एकेका स्त्रीला तेथे तिचा आवाज मिळतो. आरंभीच्या कवितेत बोलणारी स्त्री आपल्यातल्या दुसऱ्या स्त्रीला आपण मारून टाकल्याचे सांगते. ती दुसरी आगीसारखी, कोरड्या डोंगरावर वाढणारी, कधीही न वाकणारी अशी आहे. 'देसोलासिओन'मधली कवयित्रीच येथे मारली गेली, असे एक वाचन शक्य आहे. हा खून पश्चात्तापाने सांगितला आहे की सुटकेच्या भावनेने, हे कविता ठरवू देत नाही. मिस्त्राल यांच्या समग्र कवितेतून एकच विभाग निवडावयाचा झाल्यास तो हाच निवडावा लागेल. शोकात्म प्रेयसी आणि वत्सल माता या दोन साच्यांपलीकडच्या स्त्रिया स्पॅनिश कवितेत इतक्या संख्येने आणि इतक्या निःसंकोचपणे त्यापूर्वी क्वचितच बोलल्या होत्या.

१९५४ च्या सप्टेंबरमध्ये त्या चिलीला शेवटच्या आल्या. राष्ट्राध्यक्षपदी पुन्हा इबान्येसच होते. निवृत्तिवेतन बंद करणारे तेच, या वेळी निवडून आलेले. अध्यक्षीय प्रासादाच्या सज्जातून जमावापुढे बोलताना शेतजमिनींची सुधारणा झाल्याबद्दल मिस्त्राल यांनी सरकारचे आभार मानले. तशी सुधारणा चिलीत झालेलीच नव्हती. वयोमानाने झालेली ही चूक होती की हेतुपूर्वक केलेली, याची चर्चा बराच काळ चालली. जन्मभर ज्या प्रश्नावर लिहिले तो प्रश्न सुटला असावा, असे परदेशी राहून त्यांना वाटले असणे अशक्य नाही; पण इबान्येस यांच्या शेजारी उभे राहून उच्चारलेले ते आभार ऐकणाऱ्यांना अवघडून टाकणारे होते एवढे खरे.

१० जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कजवळील हेम्पस्टेड येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. चिलीत तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला. त्यांच्या इच्छेनुसार १९६० मध्ये त्यांचे अवशेष मोंतेग्रांदे येथे नेऊन पुरण्यात आले. दक्षिण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचे उत्पन्न मोंतेग्रांदेच्या मुलांना मिळावे, अशी तरतूद मृत्युपत्रात होती.

१९७२ साली सान्तियागोतील एका भव्य इमारतीला आयेंदे यांच्या सरकारने त्यांचे नाव दिले. पुढच्या वर्षी लष्करी उठाव झाला, तीच इमारत लष्करी राजवटीचे मुख्यालय बनली आणि नाव बदलण्यात आले. राजवटीला कवयित्री मात्र हवी होती, कारण साम्यवादी नेरूदांच्या तुलनेत शिक्षिका आणि मातेसमान स्त्री ही प्रतिमा निरुपद्रवी होती. १९८१ मध्ये पाच हजार पेसोच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला. सान्दिनोचे समर्थन आणि शेतजमिनींविषयीचे लेख नोटेवर येण्यासारखे नव्हतेच. २०१० साली ती इमारत सांस्कृतिक केंद्र म्हणून पुन्हा उघडली आणि मूळ नाव तिला परत मिळाले.

मिस्त्राल यांचे सर्व हस्तलिखित डोरिस डाना यांच्या ताब्यात होते. त्यांनीच १९६७ मध्ये 'पोएमा दे चिले' हे अपूर्ण दीर्घकाव्य सिद्ध करून प्रसिद्ध केले. मरण पावलेली एक स्त्री भूत होऊन चिलीत परतते आणि एक आदिवासी मुलगा व एक हरीण यांना सोबत घेऊन देशाच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पायी चालते, अशी या काव्याची कल्पना आहे. ज्या देशात राहणे जमले नाही त्याची झाडे, पाखरे, नद्या ती मुलाला एकेक करून ओळखून दाखविते. मुलगा प्रश्न विचारतो, बाई उत्तर देते, आणि मधूनच जमीन कुणाच्या मालकीची हा प्रश्न येऊन पडतो. २००६ मध्ये डाना यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या भाचीने हा सारा ठेवा चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. २००९ मध्ये मिस्त्राल आणि डाना यांचा पत्रव्यवहार 'निन्या एर्रान्ते' या नावाने छापून आला. प्रेम, संशय, विनवणी, रुसवा यांनी भरलेल्या त्या पत्रांमुळे दोघींच्या नात्याविषयीची चर्चा उघडपणे सुरू झाली, आणि 'लागार'मधल्या स्त्रियांकडे अभ्यासक पुन्हा वळले.